पान दोनशे अकरा

पान दोनशे अकरावर तीन दिवस अडले आहे.
शब्द साधा. इंग्रजीत त्याला ना मिशी, ना कुंकू.
मराठीत तो उंबऱ्यातच विचारतो,
मी तो, की मी ती?

कादंबरी आयर्लंडची. सरहद्दीजवळचं गाव,
चुलीत मातीच्या विटा जाळणारी माणसं.
तिथे मी आधी गोवऱ्या लिहिलं, मग खोडलं.
दोन भाऊ. धाकट्याला पहाटे सैनिक गोठ्यात गाठतात,
आणि पुढची चाळीस वर्षं त्या घरात जेवताना
मीठ दे, एवढंच बोललं जातं.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन येतो: कधी देताय?
सांगते, नाशिकरोडला लाईट नाही.

लाईट आहे.

खबऱ्या लिहून पाहिलं. फार चौकीतलं वाटलं.
फितूर म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा उघडतो,
आणि इथे तर नुसती कडी वाजली होती.
माफीचा साक्षीदार? पण माफी
कुणी मागितली, कुणी दिली?

चौऱ्याहत्तरचा मे. गाड्या थांबल्या होत्या.
सकाळी रूळ गार असेतो आम्ही पोरं कान लावायचो,
मनमाड ऐकू येतं का बघायला.
क्वार्टर खाली करा, अशी नोटीस दारावर खळीने डकवलेली.
आण्णांनी ती ओल्या फडक्याने अख्खी सोडवली,
वाळवली, घडी करून ठेवली.
ते तसेच होते.
मुरलीकाका युनियनचा. तो चेहेडीला, दारणेच्या काठी,
कुणाच्याशा द्राक्षबागेतल्या पंपघरात.
आई दिवेलागणीनंतर डबा न्यायची,
विटकं निळं पातळ, चपला हातात.

त्या दिवशी ती दुपारी तीनला निघाली.
लाल काठाचं पातळ. चपला पायात.
वळणावर, जिथे खाकीतले दोघे रसवंतीशी उभे होते,
थांबून तिने केस सारखे केले.
मी दारात. वय सात, हातात अर्धी कैरी.
आत विसूला गोवर निघालेला,
आणि पाळण्याखाली भांड्यांची गोणी, तोंड बांधून तयार.

रात्री काका सेंट्रल जेलात.
गोणी दुसऱ्या दिवशी सोडली.
आधी पळी काढली, मग तवा.

मग सगळे एकच वाक्य बोलू लागले:
कुणीतरी सांगितलं.
काका सुटून आला, आण्णांकडे बघून तेच म्हणाला,
आणि आमच्याकडे पुन्हा पाणीही प्यायला नाही.
आण्णांनी मान खाली घातली
आणि तेवीस वर्षं, दसकच्या घाटापर्यंत,
तशीच नेली.
आई त्यांच्या भातावर तूप
जरा जास्तच वाढायची.

कादंबरीतल्या मुलीला शेवटी एक पत्र सापडतं.
आमच्याकडे पत्र नाही.
नोटीस आहे. तिच्या पाठीवर आण्णांच्या अक्षरात
जून महिन्याच्या दुधाचा हिशेब, अर्धा शेर, अर्धा शेर,
एका तारखेला नुसती रेघ.

आज आतल्या खोलीतून आईने विचारलं,
कसलं पुस्तक गं एवढं?
म्हटलं, दोन भावांचं. परदेशातलं.
पंख्याचा आवाज बराच वेळ आला.
मग ती म्हणाली,
कुणी सांगितलं होतं?

भावाचं लपणं, पोलीस, पहाट,
यातलं काहीच मी बोलले नव्हते.

शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं:
त्याने सांगितलं. तिने सांगितलं.
क्रियापद सांगणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही.
तेव्हा परीक्षेत एक मार्क मिळाला होता त्याचा.
आत्ता पेन्सिलीने ते तीन दिवसांचं रिकामं वाक्य भरलं,
आमच्याच घरातलं, जसंच्या तसं,
तो नाही, ती नाही.

मोठ्याने म्हणाले, अजून तिथवर पोचले नाही, आई.
दोनशे अकरावरच आहे.

सावकाश कर, ती म्हणाली.
डोळ्यांना त्रास होतो.